पाच मिनिटांच्या आतलं

आमच्या कार्यालयात त्यांना सगळे 'तळटीप' म्हणायचे, अर्थात पाठीमागे. वीज नियामक आयोगात ते धोरण विश्लेषक होते. कंपनी काय मागतेय, लोकांचं म्हणणं काय, नियम काय सांगतो, हे वाचून सदस्यांपुढे टिप्पणी ठेवायची, हे त्यांचं काम. खाली बारीक अक्षरात चार ओळी जोडल्याशिवाय एकही कागद त्यांच्या टेबलावरून हलायचा नाही. त्यांची बायको म्हणायची, "भाजीत मीठ कमी आहे एवढं सांगायचं तरी हे आधी मिठाची व्याख्या करतील." मी विधी विभागात, पलीकडच्याच टेबलावर. एकोणीस वर्षं आम्ही एक पंखा वाटून घेतला. माणूस सरळ होता, कंपनीच्या चहालासुद्धा शिवायचा नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की त्यांनी पैसे खाल्ले. खाल्ले असते तर मला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

वीज किती वेळा जाते त्यावरून कंपनीला दंड करायचा, असा नियम आयोगानं आणला, त्याचा मसुदा त्यांचाच. आता 'वीज गेली' म्हणजे नेमकं काय, हेही कुणीतरी ठरवावं लागतं. त्यांनी तळटीप घातली: पाच मिनिटांच्या आत परत आली, तर वीज गेली असं धरू नये. तसं त्यात वावगं काही नव्हतं. तारेला फांदी घासली की वीज जाते आणि आपसूक येते. अशी प्रत्येक उचकी कोण मोजत बसणार? अध्यक्षांनी विचारलं होतं, "तीन मिनिटं का नाही?"

"तीन ठेवली तर कंपनी कोर्टात जाईल आणि नियमच लटकेल," तळटीप म्हणाले. मीही मान डोलावली.

कंपनीवाले आमच्या वरताण निघाले. बिघाड शोधायचा कशाला? वीज गेली की चौथ्या मिनिटाला द्यायची, पुन्हा गेली की पुन्हा चौथ्या मिनिटाला द्यायची. अहवालात सगळं शहर लखलखत होतं.

मग एका जाहीर सुनावणीत एक बाई उभ्या राहिल्या. शिवणकाम करायच्या, गडबडीत मापाची टेप गळ्यात तशीच राहिली होती. नवऱ्याला फुप्फुसाचा आजार, घरी प्राणवायूचं मशीन लावलेलं.

"साहेब, लाइट गेली की मशीन बंद पडतं. लाइट येते, पण मशीन आपलं आपण सुरू होत नाही, बटण दाबावं लागतं. यांचा हात पोचत नाही तिथपर्यंत. तीन वर्षं झाली, मी घर सोडलेलं नाही. आज शेजारणीला बसवून आलेय, तेही जीव मुठीत धरून."

त्यांनी दोन वह्या पुढे ठेवल्या. तारीख, वेळ, किती मिनिटं. एकेका दिवशी दहा-अकरा नोंदी, बहुतेक सगळ्या तीन-चार मिनिटांच्या. कंपनीचे वकील उठले आणि म्हणाले, "नियमाप्रमाणे यातली एकदाही वीज गेलेली नाही." मागे कुणीतरी फिसकन हसलं.

तळटीपांनी त्या वह्या दोन दिवस टेबलावर ठेवल्या होत्या. शेवटी टिप्पणीत लिहिलं, 'नोंदी पडताळलेल्या नसल्याने विचारात घेता येत नाहीत,' आणि वह्या टपालानं परत पाठवल्या. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं मी तेव्हा म्हणायला हवं होतं. मी त्या वाक्यातला एक स्वल्पविराम काढला आणि सही केली. त्याची मला आजही लाज वाटते.

सहा वर्षांनी त्यांचे थोरले भाऊ आजारी पडून त्यांच्याकडे राहायला आले. तेच मशीन, तसंच बटण. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात ते काही उगीच नाही. पंधरा दिवसांत हा माणूस उतरला. ऑफिसात दर तासाला घरी फोन लावायचे, आणि बायको एकच शब्द बोलायची, "दाबलं." निवृत्तीला तीन महिने उरले होते. त्यांनी स्वतःचीच तळटीप काढून टाकायचा प्रस्ताव लिहिला. आयुष्यात पहिल्यांदा, खाली एकही टीप नसलेला.

अध्यक्ष आता नवे होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "आकडेवारी कुठाय?"

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पाच मिनिटांच्या आतलं मोजायचंच नाही म्हटल्यावर कंपनीनं ते कधी नोंदवलंच नव्हतं. तळटीपांनी भावासाठी घरी लिहून ठेवलेल्या नोंदी पुढे केल्या, तर अध्यक्ष म्हणाले, "तुमच्या घरच्या नकोत. हितसंबंध येतो. बाहेरच्या कुणाच्या असतील, दोन-तीन वर्षांच्या, तर बघू. पडताळणीचं मी बघतो."

त्यांनी जुनी फाइल काढून बाईंचा पत्ता उतरवून घेतला आणि मला म्हणाले, "चला माझ्याबरोबर. एकट्यानं जायचं धाडस नाही."

दुसरा मजला, दारातच शिलाई मशीन, खुर्चीवर अर्धवट शिवलेले गणवेश. बाईंनी आम्हाला लगेच ओळखलं. बसवलं, पाणी दिलं. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता.

"झोपेत गेले. लाइट होती तेव्हा," त्या म्हणाल्या.

तळटीपांनी वह्यांचं विचारलं.

"त्या होय? पाच झाल्या होत्या शेवटी. मशीन परत केलं त्याच दिवशी रद्दीत दिल्या. घरात नको वाटायच्या. का हो?"

"नियम बदलायचा होता. त्या असत्या तर बदलला असता."

वरातीमागून घोडं, आणि ते आणणारे आम्ही दोघं. मग बाईंनीच विचारलं, "एक विचारू, साहेब? तेव्हा तुम्हाला ते सगळं खोटं वाटलं होतं ना?"

हो म्हणा, मी मनात म्हणत होते. एवढं एक खोटं बोला, कुणाचं काही बिघडणार नाही. पण ते मान खाली घालून म्हणाले, "नाही, ताई. तेव्हाही खरंच वाटलं होतं."

"मी आपली इतकी वर्षं मनाला समजावत होते," बाई म्हणाल्या, "की आपल्यालाच नीट लिहिता आलं नाही, म्हणून साहेबांना पटलं नाही."

त्यांनी आमच्या हातातले पेले काढून घेतले. "या आता," त्या म्हणाल्या, आणि शिवायला बसल्या.