मंगळवारचा सल्ला

"सहाचं इंजेक्शन देऊ की नको?" हेलनने विचारलं. ती आमच्या वॉर्डातली नर्स. सिरिंज भरून ट्रेमध्ये तयार होती आणि पावणेसहा वाजले होते.

मी इंग्लंडमधल्या लीड्सच्या एका हॉस्पिटलमध्ये वॉर्ड फार्मासिस्ट आहे. डॉक्टर औषध लिहितात, नर्स देते आणि मधे उभं राहून 'थांबा' म्हणायचा पगार मला मिळतो. त्या गुरुवारी मात्र काय म्हणावं तेच मला सुचेना.

पेशंट होता अनिकेत. चौतीस वर्षांचा, आयटीतला, मूळचा नागपूरचा. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिथली गाठ सोमवारी नाकावाटे काढली होती. या ऑपरेशनमध्ये ग्रंथी दुखावली, तर किडनीला 'पाणी धरून ठेव' असं सांगणारं हार्मोन कमी पडतं. मग लिटरच्या लिटर लघवी होते आणि तहानेने जीव कासावीस होतो. याला डायबेटिस इन्सिपिडस म्हणतात, पण साखरेच्या डायबेटिसशी याचा काही संबंध नाही. त्यावर डेस्मोप्रेसिनचं इंजेक्शन देतात. डोस थेंबभर, पण तो अंगात गेला की किडनी पाणी सोडायला तयार नसते. तेव्हा माणूस पीत राहिला तर पाणी अंगातच साठतं. रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठच म्हणा, पातळ होतं आणि मेंदूला सूज येऊ शकते.

बुधवारी सकाळी इंजेक्शन सुरू झालं. संध्याकाळी सोडियम १३९, म्हणजे नॉर्मल होतं. गुरुवारी दुपारी १२६ आलं. अनिकेतचं डोकं ठणकत होतं आणि साध्या प्रश्नालाही तो उशिरा उत्तर देत होता. पुढची पायरी फिट येण्याची. मला भीती वाटत होती.

"डोस जास्त झालाय. पुढचे सगळे कॅन्सल करू," रजिस्ट्रार म्हणाला. हा तरुण डॉक्टर, सकाळपासून पळत होता.

"आणि मग साठलेलं पाणी एकदम बाहेर पडलं तर? सोडियम झपाट्याने चढणंही तितकंच वाईट," मी म्हटलं.

तो कन्सल्टंटला, म्हणजे त्याच्या वरच्या डॉक्टरला, फोन लावायला गेला. मी चार्ट पुन्हा बघितला. चोवीस तासांत पोटात गेलेलं पाणी सव्वा लिटर. एवढ्याने सोडियम इतकं पडत नाही.

मी बेडपाशी गेले. अनिकेतची आई, सुमनकाकू, खुर्चीत बसल्या होत्या. लॉकरमागे लिटरच्या तीन रिकाम्या बाटल्या आणि घरून आणलेलं स्टीलचं भांडं.

"काकू, हे पाणी कोण प्यायलं?"

"अनिकेतच. दर अर्ध्या तासाला भांडंभर देते. नको म्हणतो, पण मी कसली ऐकते!"

"तहान लागली तरच द्या, असं नर्सने सांगितलं नाही?"

"सांगितलं की. तेवढं इंग्रजी कळतं मला. पण मंगळवारी तुम्हीच म्हणालात ना शुभदाताई, पाणी कमी पडू देऊ नका म्हणून? तिच्यापेक्षा तुमचा शब्द मोठा. तुम्ही आपल्या."

मी भांडं उचलून बाजूला ठेवलं.

मंगळवारी इंजेक्शन सुरू झालं नव्हतं. पोरगा पाण्यावाचून तडफडत होता. मी जाता जाता, मराठी माणूस दिसलं म्हणून थांबून, काकूंना ते सांगितलं होतं. त्या दिवशी ते बरोबरच होतं. बुधवारी मी डोस तपासला, सही केली आणि पुढच्या वॉर्डात गेले. काकूंना भेटले नाही. मंगळवारचं बोलणं नोट्समध्ये लिहिलंही नव्हतं.

मी तडक रजिस्ट्रारकडे गेले. "डोस ठीक आहे. चूक माझी आहे," म्हटलं आणि सगळं सांगितलं. त्याने ते तसंच फोनवर कन्सल्टंटला सांगितलं. उत्तर आलं: सहाचं इंजेक्शन थांबवा, पाणी बंद, दर तासाला लघवी मोजा, दर दोन तासांनी रक्त तपासा. लघवी मोकळी होऊ लागली की लगेच कळवा, पुढचा डोस तेव्हा ठरवू. हेलनने सिरिंज टाकून दिली.

"म्हणजे मीच त्याला..." मी परत येऊन सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या.

"नाही काकू. मी."

ड्युटी कधीच संपली होती, पण माझा पाय निघेना. आठला लघवी मोकळी होऊ लागली. रक्तात १२७. सकाळी १३१. तेव्हा कुठे अनिकेतने हेलनकडे टोस्ट मागितला आणि मी टॉयलेटमध्ये जाऊन रडून घेतलं.

झालेल्या चुकीची नोंद करायचा इन्सिडेंट फॉर्म मीच भरला. मॅनेजरने विचारलं, "तुला त्यांच्याशी बोलायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही," मी म्हटलं. "म्हणून तर ते कुणाला ठाऊक नव्हतं."

पुढच्या आठवड्यात अनिकेत त्याच औषधाच्या गोळ्या घेऊन घरी निघाला. काकूंनी विचारलं, "आता पाणी किती द्यायचं?"

"तुम्ही द्यायचंच नाही. तहान लागली की तो स्वतः घेईल."

त्यांनी पर्समधून कागद काढून माझ्यापुढे धरला.

"लिहून द्या. तारीख घाला. आणि हे किती दिवस चालेल, तेही लिहा."

बावीस वर्षं मी औषधांच्या बाटल्यांवर तारीख आणि मुदत बघत आले आहे. स्वतःच्या तोंडच्या शब्दांवर ते पहिल्यांदा लिहिलं.