एसटीत जन्मलेली पिल्लं

लातूरहून औशाला रोज एसटीने जाणारी मी एक साधी कारकून. गेल्या सप्टेंबरात, दुपारी डबा खाऊन उठले तर कचेरीच्या खिडकीच्या गजावर बोटभर लांबीचा हिरवा किडा बसलेला. पुढचे दोन पाय जोडलेले. लहानपणी आम्ही त्याला खंडोबाचा किडा म्हणायचो. पुस्तकात त्याचं नाव प्रार्थनाकीटक. मी डावीकडे सरकले तशी त्याची मान डावीकडे वळली. उजवीकडे गेले, मान उजवीकडे. चाळिशी उलटलेल्या बाईने असं करू नये, पण मी चार-पाच वेळा तसंच केलं. मग डबा धुतला आणि त्यात त्याला घालून घरी आणलं.

घरी मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाईंना मी आई म्हणते. त्यांचा जन्म देवणीकडच्या एका खेड्यातला, सगळी उमर दुसऱ्यांच्या रानात मजुरी करण्यात गेलेली. डबा उघडल्यावर त्या दोन पावलं मागे झाल्या.

"लोकं मांजर पाळतेत, पोपट पाळतेत. तू हे काय आणलीस?"

मी लोणच्याची मोठी बरणी रिकामी केली, आत एक काटकी उभी केली, तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधलं. मोबाईलवर बघून पोटाचे वळे मोजले. सहा, म्हणजे मादी होती. आई लांबून बघत होत्या.

"विहारात वंदनेला बसल्यावनी हात जोडून बसलीय बघ," त्या जरा मऊ होऊन म्हणाल्या. मी बरणीत झुरळ सोडलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत मादीने ते धरलं आणि डोक्याकडून खायला सुरुवात केली.

"अगं माय! पंचशीलातलं पहिलंच शील मोडलं की हिनं! जीवच घेतला!"

आम्ही दोघी इतक्या हसलो की नवरा आंघोळ सोडून बाहेर आला.

त्या दिवसापासून बरणीवर आईंची नजर बसली. गच्चीवरून नाकतोडे धरून आणायचं काम त्यांनी न सांगता आपल्याकडे घेतलं. एकदा मादी दोन दिवस काही खाईना, उलटी लटकून राहिली. आईंनी मला कचेरीत फोन केला, "ताप-बिप आलाय का गं तिला?" मी घरी पोचेपर्यंत ती कात टाकून बसली होती, पाठीवर नवेकोरे पंख.

आता नर हवा होता. माझा धाकटा भाऊ हिमायतनगरला शिक्षक आहे, त्याला सांगून ठेवलं होतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तो पांढराशुभ्र शर्ट घालून आमच्याकडे आला, हातात स्टीलचा डबा. आईंना वाटलं, धपाटे असतील. झाकण काढलं तर आत एक बारकुडा, भुऱ्या रंगाचा नर.

"मावशी, जावई आणलाय," भाऊ म्हणाला.

मादी नराला खाऊन टाकते हे आम्ही वाचलं होतं. म्हणून आधी तिला दोन मोठे नाकतोडे चारले आणि मग नराला काटकीच्या खालच्या टोकाला सोडलं. तो एक पाऊल टाकायचा आणि थांबायचा. वारा लागल्यासारखा डुलायचा, पुन्हा एक पाऊल. आमची जेवणं तशीच राहिली. तासाभराने त्याने झेप घेतली आणि तिच्या पाठीवर जाऊन बसला.

"लई धीराचा हाय," आई कुजबुजल्या.

संध्याकाळी तो सुखरूप उतरला तेव्हा भावाने टाळी वाजवली. तीन आठवड्यांनी मादीने काटकीवर फेसासारखं काहीतरी काढलं. ते वाळून तपकिरी, कडक झालं. त्यात अंडी होती. थंडी वाढल्यावर एके सकाळी मादी बरणीच्या तळाशी पडलेली दिसली. आईंनी तिला गच्चीवरच्या तुळशीशेजारच्या कुंडीत पुरलं.

डिसेंबरात आम्ही दोघी नांदेडला माझ्या माहेरी निघालो. अंडी कधी फुटतील याचा नेम नव्हता, म्हणून ती काटकी छोट्या बरणीत घातली, तोंडाला तेच मच्छरदाणीचं कापड बांधलं आणि बरणी पिशवीत घेतली. मी खिडकीशी बसले होते, मांडीवरच्या पिशवीवर छान ऊन येत होतं. अहमदपूर गेलं आणि पुढच्या सीटवरची बाई वळून म्हणाली, "ताई, तुमच्या पिशवीतून मुंग्या निघून राहिल्यात."

मुंग्या नव्हत्या. मच्छरदाणीच्या भोकांतून डासाएवढी पिल्लं बाहेर पडत होती. पिशवीवर, माझ्या बाहीवर, खिडकीच्या काचेवर. आणि त्या एवढ्याशा जिवांनी पुढचे पाय जोडलेले! आता सगळे ओरडणार, पिशवी बाहेर फेकायला लावणार.

आई उभ्या राहिल्या. एका हाताने दांडी धरली आणि रानात हाक मारतात तसं म्हणाल्या, "कुणी झटकू नका रे! चावत न्हाईत. आमच्या घरची बाळं हायेत!"

बसमध्ये हशा पिकला. कंडक्टर आला, वाकून बघितलं आणि गंभीर तोंड करून म्हणाला, "बायका असतील तर अर्धं तिकीट, गडी असतील तर फुल लागंल."

"आत्ताच जन्मलेत. त्यांला कशाचं तिकीट?" आई म्हणाल्या.

मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. पुढच्या बाईने पदर पसरून त्यावर पिल्लं चढवून घेतली. एका कॉलेजच्या मुलीने पाण्याची बाटली रिकामी करून दिली. मागच्या सीटवरचा एक शेतकरी कागदाच्या सुरळीने एकेक पिल्लू उचलत होता. "हे अळ्या खाते का?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं, तर म्हणाला, "मग थोडी मला द्या. हरभऱ्यात सोडतो." आईंनी त्याच्या रिकाम्या डब्यात वीस-पंचवीस मोजून घातली आणि वर बजावलं, "फवारा मारू नको बरं का त्यांच्यावर." लोह्याला तो उतरला तो डबा छातीशी धरूनच.

नांदेडच्या स्टँडवर भाऊ अर्धापूरची केळी घेऊन उभा होता. केळी आमच्यासाठी नव्हती. पिकून काळी झालेली, त्यावर चिलटं धरायची आणि ती पिल्लांना खाऊ घालायची. माहेरचे चार दिवस आम्ही तिघं चिलटांच्याच मागे होतो. पिल्लं एकमेकांनाही खातात, म्हणून उरलेली वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवली. बरीच गेली. अकरा वाढली.

त्यांतली सहा आता आईंच्या खोलीत आहेत. परवा विहारातल्या दोन बायका ती बघायला आल्या होत्या. मी चहा घेऊन गेले तर आई त्यांना सांगत होत्या, "कात टाकताना हात लावायचा न्हाई. नुसतं बघायचं." तिघी बरणीला नाक लावून बसलेल्या. चहाकडे कुणी बघेना, म्हणून मीही खाली बसले.