मिरच्यांची धुरी आणि शिंकांची मोजणी
आज सुनेच्या हातून फोडणीत मिरच्या करपल्या आणि त्या ठसक्यासरशी, बाळांनो, मला पाली गावातली कोंबड्यांची शेड आठवली. माझ्या धाकट्या जावेने पाचशे कोंबड्या पाळल्या होत्या आणि त्यांतल्या काही घरघरत शिंकू लागल्या होत्या. जनावरांच्या डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. शेडमध्ये निमूट उभं राहून त्या आधी शिंका मोजत आणि मग शिंकणाऱ्या कोंबड्यांच्या घशातून कापसाच्या बोळ्याने नमुना घेत. बहुतेकींना लागण असेल तर शेड रिकामी करावी लागेल, असं त्यांनी बजावलं होतं. दर शिंकेला वहीत एक रेघ मारायचं काम माझ्याकडे आलं, पण मारणार किती? सगळी शेडच शिंकत होती. जाऊ रडवेली झाली. तेवढ्यात डॉक्टरीणबाईही ठसकल्या, मागोमाग मी. “तुमालाबी लागण झाली का काय, बाई?” जावेने विचारलं. “इथे काय जाळलंय तुम्ही?” त्या हुंगत म्हणाल्या. “तुमी यायच्या आदी दृष्ट काढली. निखाऱ्यावर सात मिरच्या अन् मोहऱ्या टाकल्या. लई नजर लागली हाय कोंबड्यायला.” मग आम्ही शेडचे पडदे वर गुंडाळले, जवळच्या धरणावरचा वारा आत आला आणि तासाभराने पुन्हा मोजलं, तर शिंकणाऱ्या फक्त अकरा निघाल्या. “एवढ्या वेगळ्या ठेवा, बाकीच्या राहू द्या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जाऊ माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, “बगा आक्का, उतरली का न्हाई दृष्ट?”