दादाच्या गाडीतला लाल ठिपका

दादा गेला तेव्हापासून दुकानाचं शटर खालीच आहे. तरी गाड्या येतात, हॉर्न वाजवतात, मग शेजारचा टायरवाला बाहेर येऊन सांगतो, गारवा गेला हो. गारवा म्हणजे माझा दादा. गाड्यांचे एसी नीट करायचा म्हणून ते नाव पडलं, नाहीतर स्वभावानं नुसता तापलेला तवा. वहिनी म्हणायची, सगळा गारवा गिऱ्हाइकांना वाटून येतात आणि उरलेली आग घरी आणतात.

त्याचं काम मी किती वर्षं बघितलं पण अजून नवल वाटतं. गाडी आली की आधी बॉनेट उघडायचा नाही. आत बसायचा, काचा वर, एसी चालू आणि डोळे बंद. एसीचा कॉम्प्रेसर लागला की टक् असा बारीक आवाज येतो आणि इंजिन जरासं दबतं, डोक्यावर भरली घागर घेतली की मान दबते तसं. ते ऐकायचा. गिऱ्हाईक म्हणणार, गॅस संपला असेल, भरून टाका. दादा म्हणणार, गॅस काय चहा आहे का कुणी पिऊन टाकायला? गेला असेल तर कुठून गेला ते बघू. मग पाइपाच्या जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का बघत बसायचा, जेवण गार झालं तरी उठायचा नाही.

आणि मेलेल्या पार्टवर लाल ठिपका द्यायचा, चुकून चांगल्यात मिसळू नये म्हणून. ठिपका कशाचा, तर वहिनीच्या नेलपॉलिशचा. वहिनीनं स्वतःची नखं कधी रंगवली नसतील पण बाटली सारखी आणायला लागायची.

मग त्याची फुप्फुसं गेली. दवाखान्यात बरेच दिवस ठेवलं आणि शेवटी डॉक्टर म्हणाले, घरी न्या, पण ऊन फार आहे, गरम हवा ह्यांना झेपायची नाही. म्हणजे वाटेतच काही होईल, असं त्यांना म्हणायचं होतं, ते आम्हाला कळलं. दादाला एकच पाहिजे होतं, आपला पलंग आणि आपली खिडकी. अँब्युलन्स बोलावू म्हटलं तर नको म्हणाला. येताना तिचा एसी ऐकलाय म्हणे, बेरिंग गेलंय तिचं. श्वास पुरत नव्हता पण नावं ठेवायला पुरत होता.

तर आमचीच गाडी काढली. दादाला पुढच्या सीटवर बसवलं, ऑक्सिजनची नळी लावलेली, बाटली मी मागे मांडीवर घेतली. वहिनीनं गाडी चालू केली, एसी लावला. हवा आली ती भट्टीची. वाट बघितली, तरी तेच. दादाच्या कपाळावर घाम आला, ओठ बघवेनात. तिथला वॉचमन आला आणि म्हणाला, गॅस गेला असेल ताई. दादानं डोळे मिटूनच एक बोट वर केलं. वॉचमन गप्प.

"टक् झालं नाही," दादा म्हणाला.

मग थांबत थांबत वहिनीला सांगायला लागला. इंजिन बंद कर, बॉनेट उघड, काळा डबा आहे त्याचं झाकण काढ. वहिनी गाडी चालवते पण बॉनेटखाली तिनं कधी हात घातला नव्हता. आधी फ्यूज बघायला लावला, तो चांगला होता. मग म्हणाला एसीचा रिले काढ. रिले म्हणजे काडेपेटीपेक्षा छोटा काळा ठोकळा, आपण बटण दाबलं की तो पुढे वीज सोडतो. वहिनीनं ओढून काढला आणि तशीच उभी राहिली. मग खिडकीशी आली.

"अहो, ह्याला माझं नेलपॉलिश लागलंय."

दादानं डोळे उघडले. बघितलं आणि हसला. हसताना खोकला आला, मी मागून खांदा चोळला. आजारी पडायच्या आदल्या संध्याकाळी एक टॅक्सीवाला आला होता, गाडीत बाळंतीण, लांब जायचं होतं. नवा रिले दुकानात नव्हता, बाजार बंद झालेला. दादानं आमच्या गाडीतला काढून त्याला दिला, आणि जागा उघडी राहिली तर धूळ जाते म्हणून त्याचा मेलेला आमच्यात खोचला. उद्या नवा आणू म्हणाला. उद्या तो दवाखान्यात होता.

"दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर कानफटात दिली असती," म्हणाला.

मग वहिनीला म्हणाला, "हॉर्नचा काढून इथे लाव. एकाच मापाचे आहेत."

"मग हॉर्न?"

"कशाला पाहिजे? हळू जाऊ."

वहिनीनं लावला, येऊन गाडी चालू केली. आम्ही तिघांनीही श्वास धरला, दादाकडे धरायला होता तेवढा. टक्. इंजिन जरा दबलं. मी तो आवाज आयुष्यात पहिल्यांदा नीट ऐकला. एवढासा आवाज, आणि त्याच्यावर माझ्या भावाचा जीव होता. दादानं उलटा हात एसीच्या जाळीसमोर धरला. थोड्या वेळानं म्हणाला, चला.

हॉर्नशिवाय आम्ही आलो. पुढे ढकलगाडी आली तर तिच्या मागे, म्हातारा रस्ता ओलांडतोय तर तो पोचेपर्यंत थांबून. मागचे आमच्यावर वाजवत होते. दादा डोळे मिटून गार वाऱ्यात बसला होता, राजासारखा. घाम वाळला होता. घर आलं, पलंग मिळाला, खिडकी मिळाली. गेला तो तिथेच, पहाटे, झोपेत.

परवा टायरवाल्यानं नवा रिले आणून दिला. म्हणाला, हॉर्नचा हॉर्नला लावतो, नवा एसीला घालू. वहिनी म्हणाली, एसीतल्याला हात लावू नका, नवा हॉर्नला घाला. त्यानं घातला. मग वहिनी आत बसली, काचा वर केल्या, एसी लावला आणि डोळे मिटले. टायरवाला काहीतरी विचारत होता. मी त्याला हातानं गप्प केलं.