डिस्कला लावलेली मोटार

घागरी भरल्या, हंडा भरला, टाकी अर्ध्यावर आली आणि नळ फुस्स करून बसला. पलीकडच्या धोंडीरामनं नळाला मोटार लावली. तिची घरघर इथवर येतेय. आठवड्यानं पाणी आलं तेही त्याच्याच हौदात. पाइप तसाच टाकीत सोडून वही घेऊन ओट्यावर बसले आहे. कालचा राग अजून उतरलेला नाही, त्यात हा. अक्षर वाकडं येईल, येऊ दे.

शेजारच्या अफसानाचं लिहून ठेवायचं आहे. चाँदभाईंची ही मुलगी. चाँदभाई जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतात. पोर त्या तांब्याच्या तारांत खेळत मोठी झाली, कॉम्प्युटरचं शिकली, आणि देवीच्या ट्रस्टनं पालीच्या रस्त्याला देवळाला लागून दवाखाना काढल्यापासून तिथला सर्व्हर सांभाळते. सर्व्हर म्हणजे आतल्या खोलीतला मोठा कॉम्प्युटर. पेशंटची नावं, तपासण्या, औषधं, सगळं त्याच्या पोटात. अफसाना चिडली की भांडत नाही, ओढणीचं टोक चावत बसते. माझ्या चतुर्थीला शेंगदाण्याचे लाडू आणते. वर सांगते, "अम्मीनं आंघोळ करून केलेत काकू, खा." मी खाते. माझ्या गणपतीनं आजवर तक्रार केली नाही.

तर तो सर्व्हर मध्यंतरी अगदी मेंगळट झाला. नाव टाकलं की पडद्यावर चक्र फिरत राहायचं. खिडकीपुढं रांग वाढायची आणि शिव्या अफसानाला. "ए बाई, झोपलीस का?" लिंबागणेशची भिवराबाई साखर तपासायला उपाशीपोटी आलेली, ती रांगेतच चक्कर येऊन पडली. इंजिनियर तानाजीनं आधी मेमरी कमी आहे म्हणून नवी बसवली. काही फरक नाही. मग वायरी बदलल्या. तरी चक्र फिरतंच. शेवटी म्हणाला, चालवणाऱ्याचा हात बसलेला नाही. झालं! ट्रस्टचे अध्यक्ष विजयसिंहदादांनी तिला सांगून टाकलं, "पहिल्या तारखेपासून येऊ नको. दुसरं कुणी बघतो."

मागच्या खेपेला पाणी आलं तेव्हा ती ह्याच ओट्यापाशी घागर घेऊन उभी होती. तेव्हाही नळ असाच बसलेला. मी विचारलं, "खरं सांग पोरी, तुझं काही चुकलंय का?"

"न्हाई काकू. मी समदं तपासलं. मशीनचं डोकं रिकामं बसलंय, त्याला कामच न्हाई. मेमरी बी मोकळी हाय. नुस्ती डिस्क मरायली. जे काय टाकाल ते डिस्कवर लिहावं लागतं, अन् तिथंच रांग लागायली."

"कावून?"

तिनं नळाकडं बोट केलं. "हे कावून बसलंय?"

"धोंड्याच्या मोटारीनं."

"मग? तिथं बी मोटारच लावलीय."

देवळात कॅमेरे बसवलेत, त्यांचं चित्रण ठेवायला वेगळी डिस्क घ्यायची, तर तेही दवाखान्याच्याच डिस्कवर सोडलेलं. जुनी फिरती डिस्क. तिची सुई कॅमेऱ्यांचं लिहायला पळाली की पेशंटचं नाव ताटकळतं. माणसांची हालचाल वाढली की कॅमेरे जास्त लिहितात. सकाळची आरती आणि दवाखान्याची गर्दी नेमकी एकाच वेळेला.

"दुपारी देऊळ झाकलं की नावं टकाटक येतात काकू. आरतीची घंटा वाजली की चक्र सुरू."

"अगं, मग दादांना सांग की!"

ओढणी गेली तोंडात. टोक काढून म्हणाली, "मी सांगू? अफसाना म्हनली, देवीचे कॅमेरे बंद करा. दुसऱ्या दिवशी गल्लीत काय व्हईल, तुमीच सांगा. आता नोकरी चाललीय ती माझ्या एकटीची चाललीय."

मला आधी तिचाच राग आला. मग कळलं, ती खोटं बोलत नाही, आणि मग कुणावर रागवावं तेच सुचेना. मी रोज मोबाइलवर देवीचं दर्शन घेते ते त्याच कॅमेऱ्यांतून. राहवेना म्हणून विचारलं, "माझं दर्शन बंद पडेल का गं?"

"न्हाई हो. ते येगळ्या वाटेनं येतं. ही नुस्ती साठवण हाय. जुन्या आरत्या. कुनी उघडून बी बघत न्हाई."

कुणी न बघायच्या आरत्यांपायी भिवराबाई भुईवर पडली! देवीला हे सांगितलं तर ती त्रिशूळ कुणावर उगारील?

काल सकाळची आरती संपली, दर्शनाची गर्दी तशीच होती. दादा तीर्थ घेत होते, तानाजी मागं उभा. मी पुढं झाले.

"दादा, आरत्यांचं चित्रण दवाखान्याच्या डिस्कवरून काढा."

दादा हसले. "काकू, तुमी भजनातल्या बाया. तुमाला ह्यातलं काय कळतंय?"

"नळाला मोटार लावली की शेजारी पाणी कावून येत न्हाई, एवढं कळतंय."

"देवीचं काम हाय ते. हात लावायचा न्हाई."

"देवीनं सांगितलं का तुमाला, आजाऱ्याच्या उरावर बसून माझे फोटो काढा म्हणून?"

बायका खुसखुसल्या. आमच्या भजनातली वनमाला म्हणते, "काकूच्या अंगात आलंय आज!"

"आलंय! आण नारळ," मी म्हटलं. "चित्रण बंद करून बघा. दुपारपर्यंत बघा नाहीतर घटकाभर बघा. तोवर मी पायरीवरून उठत न्हाई."

दादांनी वैतागून खूण केली, तसा तानाजी मान खाली घालून चित्रण बंद करायला आतल्या खोलीत गेला. मी दवाखान्याच्या खिडकीशी गेले. अफसानाचा चेहरा पांढराफटक. तिनं पहिलं नाव टाकलं आणि चिठ्ठी बाहेर आली. दुसरं, तिसरं. रांग हलली. कुणी कशानं हलली ते विचारलंसुद्धा नाही.

तानाजी परत आला, हळूच म्हणाला, "मला वाटतच होतं काकू. पर कॅमेऱ्याचं काम माझ्या मेव्हण्यानं घेतलंय. कसं बोलावं?"

त्याला काय म्हणाले ते वहीत लिहिण्यासारखं नाही.

आणि दादा! वेगळी डिस्क येईपर्यंत चित्रण बंद ठेवा म्हणाले, हे खरं. पण पुढं अफसानाकडं बघून, "मग तू आधी कावून सांगितलं न्हाईस? बरं, राहा कामावर." उपकार केल्यासारखं! तिनं मान हलवली. माझ्या डोक्यात घंटा वाजत होत्या.

येताना रिक्षात ती म्हणाली, "तुमी म्हनलात म्हणून चाललं."

तेच तर! तेच वाक्य मी बोलले तर अंगात आलं, हसून घेतलं. ती बोलली असती तर? ह्या एवढ्याशा गोष्टीनं मला रात्रभर डोळा लागला नाही. नोकरी राहिली म्हणून पेढे वाटायचे का?

रिक्षातून उतरताना ती हसली होती, "काकू, कॅमेऱ्याची मोटार निघाली. धोंडीरामकाकांची कोन काढनार?" धोंडीराम माझा चुलत दीर. भाऊबंदकी नको म्हणून सगळी गल्ली गप्प, चाँदभाईंच्या घरात दोन दोन दिवस पाणी उसनं येतं.

घरघर अजून चालू आहे. वही मिटते. धोंडीरामच्या घरी जायचंय, मोटार काढ म्हणून सांगायला.