एंटविकलुंग

माझ्या नवऱ्याला त्या व्हिडिओ गेमच्या डबीचं भारी कौतुक. इथे जर्मनीत, झिंडेलफिंगेनच्या मोटारींच्या कारखान्यात तो गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहायचा, त्यामुळे ज्याला बटणं आहेत ते सगळं त्याला पूजनीय. आमच्या सहा वर्षांच्या लेकीला डबी त्यानेच आणून दिली. वर मला म्हणे, "अगं, बुद्धी तल्लख होते याने."

डोंबलाची तल्लख! पोरगी जेवताना डबीत, संडासात डबीत. हाक मारली की मान वर न करता "ग्लाइष", म्हणजे आत्ता येते. येते कसली! मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर कायम जर्मनमध्ये. मला तर ती डबी रस्त्यावर भिरकावून द्यावीशी वाटायची.

शाळेत घालायच्या आधी किंडरगार्टनच्या बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. म्हणाल्या, ही कुणाशी धड खेळत नाही. सोंगटी मागे गेली की पट उधळते आणि 'पुन्हा पहिल्यापासून' म्हणून हटून बसते. मग जरा दबकत म्हणाल्या, "मला हिच्या एंटविकलुंगची काळजी वाटते."

एंटविकलुंग म्हणजे मुलाची वाढ, विकास. पण कारखान्यात नव्या गाड्या तयार करणाऱ्या खात्यालाही तेच म्हणतात. झालं, स्वारी खुलली! "गेनाऊ, अगदी बरोबर! मीपण एंटविकलुंगमध्येच आहे!" बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी ठरलं ते असं, की यंदा शाळा नाही. बरोबरीची सगळी पोरं दप्तर घेऊन जाणार आणि आमची एकटी मागे राहणार.

गाडीत बसल्यावर मला रडू आवरेना. हा शहाणा समजूत काढतोय, "त्यात काय एवढं? आमच्याकडे गाडीत बिघाड निघाला तर ती बाजारात आणायचं पुढे ढकलतात. हिचंही तसंच. वर्षभरात करू की दुरुस्त."

लेक मागच्या सीटवर होती. डबी मांडीवर तशीच पडलेली.

"पापा, बिन इष कापुट?"

पापा, मी बिघडलेय का?

त्याचा किल्लीवरचा हात तसाच राहिला. मी उतरून मागे गेले, तिला घट्ट जवळ ओढलं आणि त्याला म्हटलं, "दे आता उत्तर."