टाकीतलं खोबरं

सांगायलाच हवं का? बरं, ऐका. पण आमच्या सॉल्ट लेकच्या ऑफिसात यातलं अक्षर बोलायचं नाही, शपथ आहे!

माझं काम काय, तर करंजाच्या बियांच्या तेलाचं बायोडिझेल करून त्यावर खेड्यात जनरेटर चालवायचा. गाव कोलकात्याहून चार तासांवर, शेवटचा टप्पा होडीचा. वादळात तारा तुटल्या की तिथे आठवडाभर अंधार! गावातल्या बचत गटाची मालतीदी आणि तिच्याबरोबरच्या बायकांनी महिनोन्महिने बिया वेचल्या. गावातले पुरुष, मालतीदीचा नवरासुद्धा, खिदळायचे, "बियांवर कुठे दिवे लागतात होय?"

मी दर खेपेला बजावायचो, "मालतीदी, तेलात पाण्याचा थेंब जाता कामा नये!" भिंतीवर पाटीसुद्धा मीच लावली, टाकीजवळ पाणी आणू नये.

उद्घाटनाच्या सकाळी बायको म्हणाली, "अहो, नारळ न फोडता मशीन सुरू करणार?" आणि बालीगंजच्या बाजारातून आणलेला शेंडीवाला नारळ माझ्या पिशवीत गेला. बरोबरच होतं हो तिचं! आपल्याकडे नवी स्कूटरसुद्धा नारळाशिवाय फाटकाबाहेर पडत नाही.

संध्याकाळी अख्खं गाव जमलं. मालतीदीने पहिला कॅन टाकीत ओतला. झाकण अजून उघडंच, आणि मी पुढे झालो. "गणपतीबाप्पा मोरया!" म्हणत टाकीच्या लोखंडी कडेवर नारळ असा हाणला की माझे कपडेसुद्धा भिजले.

टाळ्या! इंजिन धडधडलं, दिवे लागले. मालतीदीने नवऱ्याकडे असं पाहिलं म्हणता!

दहा मिनिटं. मग इंजिनाने दोन आचके दिले आणि गप्प. मिट्ट काळोख. मागून कुणीतरी हसलं.

आणि मी काय केलं? साहेब ना मी! सगळ्यांदेखत म्हणालो, "तेलात पाणी गेलंय. मालतीदी, कॅन पुसले नाहीत तुम्ही."

"पोछा था शाहेब, आँचल से," ती पुटपुटली.

"मग पाणी काय आभाळातून पडलं?"

मेकॅनिकने टाकीच्या तळाचा नळ सोडला. आधी पाणी आलं, मग धार अडली. त्याने तार घालून काहीतरी पांढरं बाहेर काढलं, टॉर्चखाली धरलं, हुंगलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "शार, नारकोल."

खोबऱ्याचा तुकडा!

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. मालतीदी नुसती माझ्या ओल्या शर्टाकडे बघत राहिली. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. चूक माझी, आणि तिचं नाक मी गावासमोर कापलं होतं! तिथेच हात जोडले. टाकी धुऊनपुसून पुन्हा भरली, दिवे लागले, पण माझी मान काही वर होईना.

निघताना ती धक्क्यापर्यंत आली आणि माझ्या हातात एक डबा ठेवला.

"नारियल का लाड्डू है शाहेब. डरने का नहीं, इसमें पानी नहीं है."